दादूसचे गाळे

प्रिय अनया आणि ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशान त्याच्या नव्या नोकरीबद्दल सांगत होता. दुकानांच्या मोठ्या इमारतीत कोणाला कुठली जागा द्यायची हे ठरवणाऱ्या कंपनीत तो लागला आहे. बोलता बोलता तो म्हणाला, "आजी, सगळ्यात आधी अँकर टेनंट शोधावा लागतो," आणि मी इतकी हसले की तुमच्या आईला वाटलं मला ठसका लागला. का हसले ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. शिवाय आता इथला विमानतळ सुरू झाला आहे. पुढच्या खेपेला कदाचित तुम्ही घराजवळच उतराल. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती दिसतील आणि त्यांच्यामध्ये पिस्ता रंगाची एक दुमजली इमारत. ती कोणाची, हे तुम्हाला ठाऊक असावं असं मला वाटतं.

मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे. फोर्टातल्या कंपनीत आयुष्यभर इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळला: तारीख, विषय, संदर्भ, मग मजकूर. पण हा माणूस कुठल्याच क्रमात बसत नव्हता. त्यामुळे जसं आठवेल तसं लिहिते.

त्यांना सगळे 'दादूस' म्हणत. आगरी लोकांत थोरल्या भावाला दादूस म्हणतात. ते विचुंब्याकडचे. वडिलांची भातशेती आणि मिठागरात वाटा. नवं शहर वसवायला जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हा मोबदल्यात त्यांच्या घराला रस्त्यालगतचे प्लॉट मिळाले. भावांनी आपापले प्लॉट बिल्डरला दिले आणि खारघरला टॉवरमध्ये राहायला गेले. दादूसनी दिला नाही. त्यांनी स्वतः इमारत बांधली. खाली दुकानांचे गाळे, वर खोल्या. मग ते रोज सकाळी तिच्या पायरीवर प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसू लागले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, पायात रबरी चप्पल. बिल्डिंगचा मालक कोण असं विचारत येणारा माणूस हटकून त्यांना ओलांडून आत जायचा.

निवृत्तीनंतर तुमचे आजोबा आणि मी नवीन पनवेलला राहायला आलो. घरात बसून मला कंटाळा यायला लागला, म्हणून इंग्रजी बोलायचा वर्ग काढायचं ठरवलं. एजंट मला दादूसकडे घेऊन गेला. मी शिस्तीत नमस्कार करून माझी माहिती सांगायला सुरुवात केली. ती त्यांनी ऐकूनच घेतली नाही.

"काय इकनार?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "इंग्रजी."

"किलोवर का डझनावर?"

एजंट हसला, मी नाही हसले. मला तो अपमान वाटला. पुढे कळलं की तो प्रश्न ते प्रत्येकाला विचारत आणि त्याच्या उत्तरावरून माणूस जोखत. माझं उत्तर होतं, "तासावर." ते त्यांना आवडलं असावं, पण जागा काही त्यांनी लगेच दिली नाही. पुढचा आठवडाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना थांबवून विचारत राहिले, की तुमी इंग्रजी शिकाया कुठं जाता. मग मला निरोप आला. काही बायका त्यासाठी थेट खारघरपर्यंत जात होत्या, काही जायचं म्हणून नुसत्या बोलत होत्या. वरची कोपऱ्यातली खोली मला मिळाली.

ही त्यांची पद्धतच होती. एका प्रकारचं दुकान दोनदा नाही, आणि जे जवळपास मिळत नाही तेच आधी. या भागाचा विकास, गुंतवणूक, वाढते दर यांवर सगळं गाव तावातावाने बोलत असे. दादूसचं मोजमाप एकच होतं. ते म्हणत, "विकास म्हंजे काय बाय? चप्पल कमी झिजली पायजे." नवी दळणाची गिरणी आली, की ते रस्त्यावरच्या बाईच्या पायांकडे बघून समाधानाने मान हलवत. जणू तिची चप्पल त्यांच्याच पैशाची होती.

आता 'भवानी'बद्दल सांगते, कारण हा शब्द तुम्हाला माहीत नसेल. दुकान उघडल्यावर जी पहिली विक्री होते तिला भवानी म्हणतात. ती चांगल्या हाताने झाली की दिवस बरा जातो असं दुकानदार मानतात. दादूसचा नियम असा, की त्यांच्या इमारतीत नवं दुकान उघडलं की पहिली भवानी त्यांचीच. मग ते काहीही विकत असो. चष्म्याचं दुकान आलं तेव्हा त्यांची नजर घारीसारखी होती. तरी त्यांनी नंबर काढून घेतला. नंबर निघेना, तेव्हा साध्या काचांचा चष्मा घेतला आणि तो कपाळावर ठेवून फिरू लागले. औषधांच्या दुकानातून खोकल्याची बाटली घेतली आणि ती संपवण्यासाठी दोन दिवस खोकले.

पण खरी गंमत सुजाताच्या वेळची. सुजाता त्यांच्याच गावाकडची मुलगी. तिने खाली ब्यूटी पार्लर काढलं. उद्घाटनाला नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि दादूस आत जाऊन खुर्चीत बसले. सुजाता घाबरली. म्हणाली, "दादूस, इथं फक्त लेडीज." ते म्हणाले, "आज भवानी. उद्यापासून लेडीज." मग त्यांनी दरफलक वाचला आणि फेशियल मागितलं. हिरवा लेप लावून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून ते पडून राहिले आणि दारातून अख्खी गल्ली बघून गेली. त्यांच्या मंडळी आल्या, त्यांनी बघितलं आणि दारातूनच परत गेल्या. लेप धुतल्यावर दादूसनी आरशात तोंड फिरवून फिरवून पाहिलं आणि निर्वाळा दिला, की काम चोख हाय, पन काकडी कापताना साल काढा. त्यानंतर कित्येक महिने बायका सुजाताकडे येऊन 'दादूसवालं फेशियल' मागत. ते तिच्या दरफलकावर आजही त्याच नावाने आहे.

माझ्या वर्गाचे पहिले विद्यार्थी अर्थात दादूसच. पहिल्या बाकावर, कपाळावर तो चष्मा. 'मे आय कम इन' हे वाक्य त्यांना पटलं नाही. आपल्याच खोलीत यायला आपणच का विचारायचं, असा त्यांचा सवाल होता. 'वी आर ओपन' हे मात्र त्यांना इतकं आवडलं की फोन उचलल्यावर हॅलोऐवजी ते तेच म्हणू लागले. त्यापुढे त्यांची फारशी प्रगती झाली नाही. पण ते नियमाने येत आणि तासानंतर दिवसभरात कानावर पडलेल्या एकेका इंग्रजी शब्दाचा अर्थ विचारत.

शटरच्या आवाजावरून त्यांना सगळं कळे. गिरणीचं शटर करकरलं की ते खुर्चीतून हाक मारत, "शालू, तेल." गिरणी चालवणाऱ्या शालूताई पीठ झटकत बाहेर येत आणि म्हणत, "दादूस, भाडं घेता ना, मंग तेलपन तुमीच घाला." आणि ते खरंच उठून तेल घालत. एखादा गाळा रिकामा झाला की त्यांना चैन पडत नसे. त्याला ते रिकामा म्हणत नसत, 'झोपलाय' म्हणत. रोज सकाळी त्याचं शटर स्वतः वर करून, आत खुर्ची टाकून बसायचं, हा त्यांचा उपाय. हिवाळ्यात तिथे वालाच्या शेंगा निवडत बसत. लोकांना वाटे, शेंगांचं दुकान निघालं. ते थोड्या विकतही.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग विमानतळाचं काम जोरात सुरू झालं आणि आमच्या रस्त्याला भाव आला. रोज नवा एजंट येई. हायवेला काचेची संकुलं उठू लागली. दादूसचा मुलगा कॉमर्स शिकलेला, हुशार, वडिलांवर माया करणारा, पण त्यांच्या खुर्चीपायी वैतागलेला. त्याने एका मोठ्या दुकानसाखळीशी बोलणं चालवलं. त्यांना तळमजला पूर्ण हवा होता आणि वरचा मजला गोदामाला. म्हणजे गिरणी, चष्मे, औषधं, पार्लर, किराणा आणि माझा वर्ग, सगळ्यांनी उठायचं. हे कानोकानी आमच्यापर्यंत आलं होतं, पण दादूस त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हते आणि विचारायची आमची हिंमत होत नव्हती. सुजाताने नुकत्याच कर्ज काढून नव्या खुर्च्या घेतल्या होत्या. शालूताईंच्या घरात दुसरं मिळवतं माणूस नव्हतं.

एका संध्याकाळी वर्ग सुटल्यावर दादूस मागे राहिले. मी फळा पुसत होते.

"बाय, अँकर म्हंजे काय?"

"नांगर," मी पाठमोरीच म्हणाले.

"नांगर?"

"हो, नांगर."

ते टोपी उचलून खाली गेले. मला वाटलं, रोजच्यासारखा एक शब्द झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शालूताई माझ्या दारात. भुवयांवर पीठ, डोळे लाल. त्या म्हणाल्या, "बाई, आमच्यावर नांगर फिरवनार म्हनतात, तो कवा?" मी खाली आले. चष्मेवाला आरसे वर्तमानपत्रात गुंडाळत होता. सुजाता फोनवर कोणाला तरी जागा बघायला सांगत होती. नांगर फिरवणे म्हणजे मुळासकट पाडून सपाट करणे, हे तुम्हाला माहीत आहे ना? दादूसच्या मुलाने घरी आनंदाने सांगितलं होतं, की बाबा, आपल्याला अँकर मिळतोय. दादूसनी त्याचा अर्थ इंग्रजीच्या बाईंना विचारला. बाईंनी शब्दकोशाप्रमाणे बरोबर सांगितला, आणि दादूसनी तो खाली जाऊन सगळ्यांना सांगितला. फक्त मराठीत शेताचाही नांगर आणि जहाजाचाही नांगर, एवढं त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही.

दादूस पायरीवर होते. पुढ्यातला चहा गार झाला होता. ते म्हणाले, "पोरगा माज्या गाळ्यांवर नांगर फिरवाया मानूस आनतो, आन मना इंग्रजीत सांगतो."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि बोटाने तळहातावर गळासारखा वाकडा आकडा काढून दाखवला. हा जहाजाचा नांगर, दादूस. दोरीने पाण्यात सोडतात तो. मोठं दुकान घेतलं की त्याच्या ओढीने गिऱ्हाईक येतं, इमारत जागेवर टिकते, म्हणून त्या दुकानाला तसं म्हणतात.

त्यांचा चेहरा उजळला. मला अपेक्षा होती त्याहून जास्तच उजळला, आणि मला कळून चुकलं की त्यांना होच म्हणायचं होतं. नांगराच्या भीतीने फक्त अडले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "बाय, मी इतकी वर्सं काय बोलतो? चप्पल कमी झिजली पायजे. त्यांच्याकडं साबन हाय, चश्मा हाय, दळलेलं पीठ हाय. बाई एकदा आत गेली का सगलं घेऊन बाहेर. मंग मी नाय कसं म्हनू?"

आमचं काय होईल, असं विचारता आलं असतं. पण ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं आणि ते त्यांनाही माहीत होतं.

बैठक ठरली ती एका झोपलेल्या गाळ्यात. खुर्च्या मांडल्या, शहाळी आणली. कंपनीकडून पुण्याची एक तरुण अधिकारी आली होती, बोलायला गोड आणि कामात पक्की. इंग्रजी शब्दांसाठी मला दुभाषी म्हणून आत बसवलं. बाकीचे सगळे बाहेर पायऱ्यांवर उभे. तिने टॅबवर आमच्या इमारतीचं चित्र दाखवलं. शटरं नाहीत, सगळी काच आणि समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच झगमगती पाटी. दादूस ते चित्र खूप वेळ बघत राहिले. त्यांना ते आवडलं होतं. मुलाने माझ्याकडे पाहून हलकेच स्मित केलं.

मग दादूसनी विचारलं, "नांगर कुठं टाकनार?"

तिला काही कळेना. मी समजावलं. ती म्हणाली, अँकर म्हणजे तेच, काका. आम्ही पूर्ण तळमजला घेऊ.

"मंग होडी कुठं हाय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. दादूस अगदी गंभीर होते. थट्टा करत नव्हते, खरोखर विचारत होते. म्हणाले, "माज्या मामाचा मचवा व्हता. मीठ न्यायचा. नांगर पान्यात टाकायचा, मानसं मचव्यात बसवायची. तुमी बोलता, नांगर मचव्यात ठेवा आन मानसं पान्यात टाका."

बाहेर हशा पिकला. ती मुलगीही हसली. मुलगा पंख्याकडे बघू लागला. ती प्रामाणिक होती. म्हणाली, "काका, आमच्या भाषेत होडी म्हणजे अख्खा मॉल, पुष्कळ दुकानं. इथे तसं नाहीये."

"हाय की," दादूस म्हणाले आणि त्यांनी पायऱ्यांकडे बोट केलं. शालूताईंनी पदर सारखा केला.

मग त्यांनी स्वतःचा प्रस्ताव मांडला. इमारतीच्या मागे त्यांचीच मोकळी जागा होती. तिथे हवं तेवढं मोठं दुकान बांधा. फक्त जायचा रस्ता आमच्या गाळ्यांपुढून. नांगर मागे टाका आणि दोरी लांब ठेवा, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणाली वरिष्ठांना विचारते. शहाळं संपवलं आणि गेली. वरिष्ठांना मागची जागा नको होती.

हे कळलं त्या संध्याकाळी मुलगा वडिलांवर चिडून घरी निघून गेला. मला मात्र राहवलं नाही. मी त्यांना विचारलं, की चपलेचं काय झालं? ते जरा चिडले. म्हणाले, "कमी झिजली पायजे बोललो. झिजूच नये, असं नाय बोललो. मंग घरातून निंगायचं तरी कशाला?"

दुकानसाखळीने आमच्यापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर दुसरी जागा घेतली. उद्घाटनाच्या दिवशी दार उघडायच्या आधीच दादूस तिथे हजर. भवानीचा नियम आपल्या इमारतीपुरता, असं मी म्हटलं, तर म्हणाले, पनवेलचंच हाय ना. ते कंगवा घेऊन आले. टोपीखाली टक्कल होतं, हे सांगायचं राहिलं.

सगळं गोडच झालं असं लिहिणार नाही. आमचा किराणावाला त्या दुकानापुढे टिकला नाही. वर्षभरात त्याने गाशा गुंडाळला आणि दादूस बरेच दिवस त्या गाळ्यात खुर्ची टाकून बसले. शेवटी तिथे शिलाई मशीन दुरुस्त करणारा आला. अशी दुरुस्ती पार जुन्या पनवेलपर्यंत कुठे होत नव्हती. दादूसनी भवानीसाठी मंडळींचं धडधाकट मशीन आणून ते आधी बिघडवलं. बाकीच्यांचं मात्र बरं चाललं. मोठ्या दुकानाकडे जाणारी माणसं आमच्याच पुढून जातात, आणि जाता जाता दळण टाकतात.

दादूस मागच्या हिवाळ्यात गेले. आजारपण फार नाही, दोनच दिवस. दहाव्याला आम्ही सगळे भाडेकरू विचुंब्याला त्यांच्या घरी गेलो होतो. परत येताना गाडीत प्रत्येकाच्या मनात एकच होतं, की आता मुलगा काय करणार. एजंटही थांबले नव्हते. मधल्या काळात हायवेच्या एका संकुलातलं मोठं दुकान बंद पडलं होतं. त्याच्या काचांना आतून खाकी कागद लावला आहे आणि त्याच्या आधाराने चालणारी बाजूची दुकानंही एकेक करून गेली आहेत. महिन्याभराने मुलगा माझ्याकडे आला. चहा घेतला आणि म्हणाला, की मी वडिलांसारखा नाही, मला आकडे कळतात. पण एक गाळा सुटला तर एकच शटर खाली येतं, सगळी नाही, एवढं मला आता कळलंय. त्याने सगळ्यांचे करार पुन्हा केले. भाडंही वाढवलं. आम्ही कुरकुर केली आणि दिलं.

तर ईशान, तुझ्या व्यवसायात याला काही म्हणत असतील तर मला कळव. मी वर्गात सांगेन.

इमारत उभी आहे. शालूताईंची गिरणी सकाळी सुरू होते. सुजाताने पार्लरमध्ये हाताखाली दोन मुली ठेवल्या आहेत. चष्म्याचं, औषधांचं आणि मशीन दुरुस्तीचं दुकान चालू आहे. माझा वर्ग मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. समोरच्या बाजूला अजून प्रत्येकाची वेगळी पाटी आहे.

तुमची,
आजी